चेहरा शेवटी

माझ्या चित्रांतल्या बायकांना चेहरे नसतात. गेली कित्येक वर्षं मी त्याच बायका काढते आहे. वीतभर कागद, कडेला सोनेरी पट्टी, मध्ये झाड, झाडाखाली बाई आणि चेहऱ्याच्या जागी कोरी जागा. लोक समोर उभे राहतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "काय एकटेपणा आहे हो!" मागच्या महिन्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. हातात सरबताचा ग्लास घेतलेल्या एका बाईंनी माझा दंड धरून मला सांगितलं, की त्या कोऱ्या जागेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसतो. मी "हो का?" म्हणून गोड हसले. कापडाच्या दुकानातला माणूस गिऱ्हाइकाला "तुम्हाला हाच रंग खुलतो" म्हणताना हसतो, तसं. घरी येऊन चूळ भरली, तरी तोंडातली कडवट चव जाईना. त्या बाईंचा काय दोष? शिसारी मला माझीच आली होती.

ती कोरी जागा माझी नाही. ती मी उचललेली आहे, आणि ज्यांची उचलली त्यांना ती कोरी ठेवायचीच नव्हती. आजवर एकाही मुलाखतीत मी हे बोललेले नाही. मुलाखत घेणारे विचारतात, "ही प्रतिमा कुठून सुचली?" मग मी खिडकीबाहेर बघते आणि काहीतरी ठोकून देते.

मी तेव्हा औरंगाबादेत चित्रकला शिकत होते. कन्नडहून आलेली, वसतिगृहात राहणारी, स्वतःला फार वेगळी समजणारी मुलगी. आमचे एक सर मुंबईहून बदलून आलेले होते, त्यामुळे आमच्या गावावर, उन्हावर आणि आमच्यावर कायम नाराज असत. त्यांचा एक लाडका शब्द होता, अभिव्यक्ती. "स्वतःला ओता चित्रात!" असं ओरडत ते वर्गभर फिरायचे. आम्ही विशीतली पोरं, आमच्यात ओतायला होतं काय? वसतिगृहातलं पातळ वरण. पण आम्ही माना डोलवायचो.

सरांच्या डोक्यात एक योजना होती. जुन्या दख्खनी लघुचित्रात आधुनिक चित्रकला आणायची. त्यात सावल्या आणायच्या, रंगाचे जाड फटकारे आणायचे, चित्रकाराचं मन आणायचं. ते म्हणायचे, "लघुचित्रवाले कारागीर असतात. पिढ्यान्‌पिढ्या तेच हरीण, तीच नायिका. पण हात बघा त्यांचा! आपल्यापैकी कुणीतरी तो हात शिकून घ्या. हात त्यांचा, डोकं आपलं." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून ठेवलं. आज आठवलं की त्या वहीसकट स्वतःला खाम नदीच्या नाल्यात फेकून द्यावंसं वाटतं.

तो हात शिकायला मी शहागंजच्या मागच्या गल्लीत, लघुचित्रं काढणाऱ्या एका उस्तादांकडे जाऊ लागले. त्यांचे वडील जहागीरदारांसाठी चित्रं काढायचे. पोलीस ॲक्शन झाली, जहागिऱ्या गेल्या, चित्रं विकत घेणारे कुणी हैदराबादला गेले, कुणी त्याच्याही पलीकडे. उस्तादांच्या वाट्याला आली ती वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्यांना वस्तू विकणारी दुकानं. त्या दुकानांना जुनी दिसणारी चित्रं लागत. उस्ताद ती पुरवत.

काम कसं चालायचं, ते सांगते. हरणाच्या पातळ कातड्यावर सुईनं भोकं पाडून बाईचा आकार केलेला असे. त्याला खाका म्हणत. तो कागदावर ठेवायचा आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की खाली ठिपक्यांची बाई उमटे. मग रेघ, मग रंग. रंग सुकला की कागद चहाच्या पाण्यात बुडवून काढायचा, म्हणजे दोनशे वर्षांचा दिसतो. त्या घरात शिजवलेल्या चहाचा आणि रंगात घालायच्या सरसाचा एक आंबट वास भरून असे. माझ्या ओढणीला तो रात्रीपर्यंत यायचा आणि मला त्याची किळस वाटायची. आठवड्याला पंधरा बायका, सगळ्या एका तोंडाच्या, सगळ्या खोट्या म्हाताऱ्या. माझ्या मनात यायचं, सर म्हणतात ते खरंच आहे, या माणसाला स्वतःचं काही सांगायचंच नाही.

एक नियम मात्र त्या खोट्या चित्रांतही पाळला जाई. चेहरा शेवटी करायचा आणि तो उस्तादांनीच करायचा. पानं, किनार, ओढणीवरची बुट्टी यांना माझा हात चाले. चेहऱ्याला नाही. आठवड्याचा एक दिवस चेहऱ्यांचा असे. त्या दिवशी ते सकाळी अंघोळ करून बसत आणि काम संपेपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. कुणी दार वाजवलं तर चाची आतूनच "आज चेहरा है" म्हणत, आणि आलेला माणूस मुकाट्यानं परत जाई.

चाची म्हणजे उस्तादांची बायको. त्या पडदा पाळत. माझ्या वर्गातली मुलं गेली असती तर बाहेरच्या बैठकीतच बसली असती. मी मुलगी, म्हणून थेट आत. चाची मलमलच्या फडक्यातून रंग गाळून शिंपल्यांत भरत असत. ते काम उस्ताद दुसऱ्या कुणाला देत नसत. दुपारी त्या मला खिचडी आणि चिंचेचा पातळ खट्टा वाढायच्या, आणि मी दोन घास कमी खाल्ले तर "कायकू नखरे करती?" म्हणून रागवायच्या. सुट्टीत घरी गेले की आई खोदून विचारायची, "त्यांच्यात खातीस व्हय गं?" मी म्हणायची, "नाय गं." आणि वसतिगृहात मैत्रिणींना मात्र मिरवून सांगायची, की मी रोज तिथंच जेवते. त्या बाईच्या हातची खिचडी मी माझ्या पुढारलेपणाचा दाखला म्हणून खात होते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहून टाकते.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात चाची आठ दिवसांच्या तापानं गेल्या. चाळिसावा दिवस होईपर्यंत उस्तादांनी कुंचला धरला नाही. त्यानंतर मी गेले तेव्हा त्यांनी चार कागद एकावर एक चिकटवून, अकिकाच्या दगडानं घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला नवा कागद पुढ्यात घेतला होता. खाका मात्र खुंटीवरच होता. खाक्याशिवाय, थेट हातानं रेघा काढत होते.

अंगणातलं डाळिंबाचं झाड काढलं होतं. त्याखाली बसलेली बाई फडक्यातून रंग गाळत होती. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "फोटो नईं है उसका. एक भी नईं. एकीच तस्वीर बनाना है मेरेकू, असली. फिर आँखें गयी तो गयी."

डोळे जायलाच आले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण डॉक्टर म्हणत होते की अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू. त्या काळी असंच वाट बघायला लावायचे. उस्तादांनी चार महिने लावून झाड, अंगण, फडकं, हात आणि मान केली. पानं आणि किनार माझी. चेहऱ्याची जागा पांढरी राहिली. केसापेक्षा बारीक रेघ धुरकट डोळ्यांनी ओढायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. ऑपरेशन होईल, नजर येईल, मग अंघोळ करून बसायचं आणि चेहरा करायचा. त्यांची सगळी आस त्या रुपयाएवढ्या जागेत होती. ते दिवसातून दहादा चित्र डोळ्यांजवळ नेत, मान हलवत आणि परत फडक्यात गुंडाळून ठेवत.

मलाही त्या जागेत काहीतरी दिसलं होतं. मला सर दिसले. बिनचेहऱ्याची बाई! परंपरेत हरवलेली स्त्री! एवढे दिवस सर ज्याच्यासाठी घसा फोडत होते ते माझ्यासमोर आयतं तयार होतं. मी धावत जाऊन सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. "प्रदर्शनात पाठव," म्हणाले. सरकारच्या कला विभागाचं मोठं प्रदर्शन आमच्याच गावात भरणार होतं आणि नव्या लघुचित्रासाठी त्यात खास दालन होतं. ती कल्पना अर्थात सरांचीच.

उस्ताद तयार नव्हते. "काम बाकी है," म्हणाले. मी त्यांच्यामागे लागले. ऑपरेशनला अजून वेळ आहे, चित्र नुसतं फडक्यात पडून राहणार, लोकांनी बघितलं तर काय बिघडलं, संपलं की मी स्वतः परत आणून देते, मग निवांत करा चेहरा. त्यांनी एवढंच विचारलं, "वापस मिलती ना?"

मी म्हणाले, "हो."

अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नियम छापलेले होते. अपूर्ण चित्र घेतलं जाणार नाही, हा एक. बक्षीस मिळालेलं चित्र सरकारी संग्रहात जमा होईल, हा दुसरा. दोन्ही मी वाचले होते. आज 'तेव्हा लक्षात आलं नाही' म्हणायची सोय आहे, पण आलं होतं. दुसऱ्या नियमाबद्दल मी मनाशी म्हटलं, बक्षीस कोण देतंय! आणि आतून मला ते मिळावंसं वाटत होतं. पहिल्या नियमातून वाट काढण्यासाठी मी 'कलावंताचे मनोगत' या रकान्यात लिहिलं: 'चेहरा जाणीवपूर्वक कोरा ठेवून मी परंपरेतील स्त्रीच्या हरवलेल्या स्वत्वाचा शोध घेतला आहे.' उस्तादांना मराठी वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी उर्दूत सही केली. सरांना मनोगत दाखवलं तर ते म्हणाले, "वा! आता तू ओतलंस."

पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात त्या कोऱ्या जागेवर दीड रकाना आला. लिहिणाऱ्यानं माझंच वाक्य फुगवून फुगवून आभाळाला नेलं होतं. माझ्याबद्दलही दोन ओळी होत्या, 'उस्तादांची तरुण शिष्या आणि या नव्या वाटेची प्रवक्ती'. मी ते कात्रण वहीत चिकटवलं. सर म्हणाले, "आता तूही याच वाटेनं काढ. मुंबईला प्रदर्शन लावू तुझं." मी हुरळले, किती हुरळले म्हणून सांगू! रस्त्यानं चालताना पाय जमिनीला लागत नव्हते.

त्याच आठवड्यात उस्तादांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. बक्षिसाचं सांगितल्यावर पट्टीखालून हसले आणि म्हणाले, "अच्छा हुआ. वापस कब आती?" मी म्हणाले, संपलं की. हळूहळू सांगू, असं मी ठरवलं होतं. असलं 'हळूहळू सांगू' म्हणजे कधीच न सांगण्याची पहिली पायरी असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दोन महिन्यांच्या त्या प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला ते हॉलमध्ये आले. इस्त्रीची शेरवानी, बाटलीच्या बुडासारखा जाड नवा चष्मा, काखेत रंगांची पेटी. केस ओले होते. मी समोर गेले, "उस्ताद, तुम्ही इथं?" म्हणाले. ते बोलले नाहीत. ओले केस आणि बंद तोंड याचा अर्थ मला कळत होता. आज चेहऱ्याचा दिवस होता.

ते आपल्या चित्रासमोर गेले. चष्म्यातून बराच वेळ पाहत राहिले, जणू पहिल्यांदाच दिसत होतं. मग त्यांनी खाली फरशीवर रुमाल अंथरला, पेटी उघडली, शिंपले मांडले, वाटीत पाणी ओतलं आणि उभं राहून दोन्ही हातांनी चौकट भिंतीवरून उतरवायला लागले.

एकच गोंधळ उडाला. शिपाई धावला, संग्रहाचे अधिकारी धावले, सर धावले. अधिकारी म्हणाले, "बाबा, हात लावू नका, हे आता सरकारचं आहे. परवा मुंबईला जायचंय." तेव्हा उस्तादांनी तोंड उघडलं. "काम बाकी है, साब. एक दिन का काम है. यहींच बैठके करतूं."

अधिकाऱ्यांनी शेजारच्या पाटीवरचं मनोगत त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, मग हिंदीत अर्थ सांगितला. उस्ताद लक्ष देऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "ये मैंने नईं बोला." बघ्यांतला कुणीतरी हसला. सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "उस्ताद, कलावंताला स्वतःच्या निर्मितीचा अर्थ कळतोच असं नाही." आणि बघ्यांपैकी एक बाई हळहळत म्हणाल्या, "बिचारे. आपण केवढं काम केलंय हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता, राग तर नाहीच. साक्षीदार हजर असल्यावर माणूस जसा निर्धास्त असतो तसे ते होते. "तू बोल ना बेटा इनकू. तेरेकू मालूम है."

मला मालूम होतं. एक वाक्य बोलायचं होतं, की हे मी लिहिलं, चित्र अपुरं आहे. फार तर काय झालं असतं? बक्षीस रद्द झालं असतं. सर माझ्याशी बोलले नसते. मुंबईचं प्रदर्शन गेलं असतं. चित्र परत मिळालं असतं. हे सगळं मी तिथं उभ्याउभ्या तागडीत घालून पाहिलं, आणि मग स्वच्छ, शुद्ध, सरांच्या मराठीत म्हणाले, "उस्ताद, हे चित्र असंच पूर्ण आहे."

उस्तादांनी चौकटीवरचे हात काढले. खाली बसून शिंपले एकेक करून पेटीत ठेवले, वाटीतलं पाणी कुठं टाकावं ते न कळून पिऊन टाकलं आणि रुमाल घडी करून खिशात घातला.

मी त्यांच्याबरोबर टांग्यातून घरी गेले. का गेले, मला अजून नीट सांगता येत नाही. स्वतःला बरं वाटावं म्हणून गेले असेन. वाटभर मीच बडबडत होते. नवं चित्र करू, कागद मी घासून देते, पानं मी करते, आता तर तुम्हाला नीट दिसतंय. ते ऐकत होते की नाही, देव जाणे. घरी आल्यावर त्यांनी खरंच एक कोरा कागद मांडीवर घेतला, शिसपेन्सिल धरली आणि म्हणाले, "अब दिखता मेरेकू. मगर वो नईं दिखती. उस तस्वीर में उसके हाथ थे, गर्दन थी, उसपे से चेहरा आ रहा था मेरेकू. अब नईं आता. तू बता. तू तो सामने बैठती थी."

मला हायसं वाटलं. निदान एवढं तरी करू. मी डोळे मिटून सांगू लागले. डोळे मोठे, बदामासारखे. भुवया कमानदार. नाक सरळ, टोकाशी किंचित वाकलेलं. ओठ लहान. हनुवटी गोल. मी सांगत होते आणि पेन्सिलीचा आवाज येत होता. मग तो थांबला.

मी डोळे उघडले. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला होता. कागदावर दुकानातली बाई होती. आठवड्याला पंधरा निघायच्या त्यांतलीच एक.

"उसकू बचपन में चेचक निकली थी," उस्ताद म्हणाले. "नाक पे दाग थे. इस गाल पे बहोत थे."

म्हणजे देवीचे वण. मी आठवून पाहिलं. त्यांनी सांगितल्यावरही मला ते दिसेनात. हातभर अंतरावर बसून अडीच-तीन वर्षं मी त्या बाईच्या हातचं खाल्लं होतं.

उस्तादांनी पेटीतून एक शिंपला काढला. त्यात तपकिरी आणि गुलाबीच्या मधला, मी त्यांच्याकडे कधीच न पाहिलेला एक रंग कालवलेला होता. "दाग बनाने के वास्ते है," म्हणाले. "किसीने नईं बनाए अब तक. मैं बनानेवाला था."

त्यांनी खरं तेच सांगितलं. लघुचित्रांतल्या हजारो बायका मी नंतर देशभरच्या संग्रहांत पाहिल्या. एकीच्याही गालावर देवीचा वण नाही. तो काढायला बसलेल्या माणसाला मी अभिव्यक्ती शिकवायला गेले होते.